साखरेचे डाग आणि नाचणीची भाकरी

महाड-पोलादपूर म्हटले की वाचकांच्या मनात आधी रायगड उभा राहतो. मग १९२७ सालचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, उमरठचे तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आणि अलीकडच्या आठवणीत २०१६ साली सावित्रीवरचा कोसळलेला पूल व २०२१ च्या जुलैतला महापूर. इतिहासाने आणि पावसाने हा मुलूख वृत्तपत्रांत वारंवार आणला आहे. मी आज ज्या गोष्टीविषयी लिहिणार आहे ती मात्र वृत्तपत्रांत येत नाही, कारण ती एका रात्रीत घडत नाही. तिला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि ती घडते माणसाच्या डोळ्यांत, मूत्रपिंडांत आणि पायाच्या तळव्यांत.

मधुमेह हा शहरातल्या बैठ्या, खात्यापित्या माणसांचा आजार, ही समजूत आता जुनी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि आणखी साडेतेरा कोटी माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. आमच्याकडे डोंगर चढणारी, भात लावणारी, डोक्यावरून लाकडाची मोळी आणणारी माणसेही तालुक्याच्या दवाखान्यात साखर तपासायच्या रांगेत दिसतात.

साखर वाढते म्हणजे नेमके बिघडते काय, आणि आपल्या ताटातल्या काही पदार्थांत ते बिघडणे रोखण्याची शक्ती आहे असे जे म्हणतात त्यात तथ्य किती, हा प्रश्न माझ्यापुढे एका घरगुती निमित्ताने आला.

न दुखणारा पाय

मी पेशाने हायस्कुलातला रसायनशास्त्राचा शिक्षक. माझे मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या बाजूला. तिथे माझे एक चुलते आहेत. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. मुंबईच्या एका गिरणीत ते साच्यावर होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, आणि तात्या गावी परतले ते कायमचे. मधुमेह जडूनही त्यांना आता चौदा वर्षे झाली.

मागल्या वैशाखात तात्या राब भाजायला गेले. ज्यांना कोकणची शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : भाताचे रोप टाकायच्या जागी शेण, झाडाची कवळे, पालापाचोळा आणि गवत यांचे थर देऊन ते पेटवतात, त्याला राब म्हणतात. वरून राख विझलेली दिसते, आत निखारा असतो. तात्यांचा अनवाणी पाय त्यावर पडला आणि त्यांना ते कळलेच नाही. संध्याकाळी काकूने पाय धुवायला पाणी दिले तेव्हा तळव्याला आलेला फोड तिने पाहिला.

दोन दिवसांनी मी गावी गेलो तेव्हा विचारले, "तात्या, पायाला काय झालं?"

"काय नाय रे. दुखत नाय. दुखत नाय तर डाक्तर कशाला?"

पाय भाजतो आणि दुखत नाही, ही समाधानाची गोष्ट नव्हे. फोड फुटला, जखम चिघळली, आणि अखेर पायाची करंगळी काढावी लागली. पाय वाचला, हे नशीब.

त्यानंतर मुंबईहून आलेल्या एका भाच्याने तात्यांना एक डबी आणून दिली. "ही घ्या मामा. नसांना ताकद येते. मग त्या गोळ्यांची गरजच नाही," असे तो म्हणाला म्हणे. मी पुन्हा गेलो तेव्हा तात्यांनी ती डबी माझ्यापुढे ठेवली.

"अरे, तू पोरांना जन्मभर रसायन शिकवलंस ना? मग ह्यावर काय लिवलंय ते वाच. ह्यात खरं किती नि खोटं किती ते सांग. मंग मी ठरवतो, गोळ्या खायच्या का नाय ते."

डबीवर बारीक अक्षरांत पाचसहा नावे होती : बेन्फोटायमिन, लायपोइक आम्ल, कार्नोसिन, हळदीचा अर्क, आवळ्याचा अर्क, काही जीवनसत्त्वे. ही नावे खोटी नव्हती. त्यांतल्या प्रत्येकावर जगात कुठे ना कुठे खरे संशोधन झालेले आहे, आणि म्हणूनच उत्तर सोपे नव्हते.

भाकरी खरपूस का होते?

हे समजण्यासाठी आधी चुलीपाशी जाऊ. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर धरली की तिचा पापुद्रा तांबूस होतो. दूध आटवत ठेवले की खवा बदामी रंग धरतो. हा रंग येतो साखर आणि प्रथिने यांच्या संयोगातून. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, आणि तिला त्याचेच नाव मिळाले.

मौजेची गोष्ट अशी की, हीच क्रिया आपल्या शरीरात अहोरात्र चालू असते. चुलीवर जे मिनिटांत होते ते शरीराच्या ३७ अंशांच्या उबेत महिने आणि वर्षे घेऊन होते. रक्तातली साखर प्रथिनाला आधी सैल चिकटते. साखर उतरली तर या पायरीवर ती सुटूही शकते. पण साखर चढीच राहिली तर हा बंध पक्का होतो, मग त्याचे पिवळट-तपकिरी पदार्थ बनतात, आणि ते शेजारच्या दोन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतात. कातडे कमावले की जसे राठ होते, तशा रक्तवाहिन्यांच्या भिंती राठ होत जातात. डोळ्याच्या भिंगातली प्रथिने तर जन्मभर बदलली जात नाहीत. त्यांच्यावर पडलेला डाग तसाच राहतो आणि त्यात भर पडत जाते.

मधुमेह्यांना डॉक्टर तीन महिन्यांनी जी 'एचबीए१सी' नावाची तपासणी करायला सांगतात ती याच डागांची मोजणी आहे. तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर या संशोधकाला १९६८ च्या सुमारास मधुमेह्यांच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन आढळले. ते म्हणजे साखर चिकटलेले हिमोग्लोबिन. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, म्हणून ही तपासणी म्हणजे मागल्या दोन-तीन महिन्यांची रोजनिशीच. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून ती बदलता येत नाही.

साखरेची आणखी एक वाट आहे. डोळ्याच्या भिंगात आणि मज्जातंतूंत साखर मुबलक शिरते. तिथे एक विकर तिचे सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर करते. हे सॉर्बिटॉल पेशीतून सहजी बाहेर पडत नाही. ते साचते, भिंग गढुळते, तंतू बधिर होतात. तात्यांच्या तळव्याला निखारा कळला नाही, त्यात या दोन्ही वाटांचा हात होता.

आता डबीवरच्या पदार्थांचा दावा लक्षात घ्या. साखर उतरवण्याचा त्यांचा दावा नाही. साखर चढलेली असली तरी तिचे डाग पडू देणार नाही, असे ते म्हणतात. पाऊस थांबवणे वेगळे आणि डोक्यावर इरले घेणे वेगळे. डबीत इरली होती. ती किती पाऊस झेलतात, एवढाच प्रश्न होता.

पांढऱ्याशुभ्र तांदळाची करणी

बेन्फोटायमिन हे थायमिनचे, म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्वाचे, माणसाने बनवलेले एक रूप. या जीवनसत्त्वाची जन्मकथा आम्हा भात खाणाऱ्यांच्या फार जवळची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरला दिसले की, पांढऱ्याशुभ्र सडीच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा घातला की त्या पुन्हा उभ्या राहतात. माणसांतला बेरीबेरी हा रोग याच जातीचा होता. त्या कोंड्यातले द्रव्य १९२६ साली जावातच शुद्ध स्वरूपात हाती लागले, तेच थायमिन. आपल्या देशातही १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीच्या चौकशीचे काम सुरू झाले. त्याच खोलीची पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि १९५८ साली ती हैदराबादला गेली.

हे जीवनसत्त्व शरीरात साखर जाळण्याच्या कामी येते. इंग्लंडमधील संशोधकांना २००७ साली असे आढळले की, मधुमेह्यांच्या रक्तद्रवात थायमिन पुष्कळच कमी असते, कारण त्यांची मूत्रपिंडे ते लघवीवाटे वाहून घालवतात. २००३ साली जर्मनी व अमेरिकेतील संशोधकांनी बेन्फोटायमिन देऊन मधुमेही उंदरांच्या डोळ्यांचे पडदे वाचवले होते. २००९ साली लाहोरच्या ४० रुग्णांवरील प्रयोगात रोज ३०० मिलिग्रॅम थायमिन तीन महिने दिल्यावर लघवीतून जाणारे प्रथिन कमी झाले. आशेने मान वर करावी असेच हे होते. परंतु २०१० साली नेदरलँड्समध्ये रोज ९०० मिलिग्रॅम बेन्फोटायमिन बारा आठवडे देऊन पाहिले, तेव्हा लघवीतल्या प्रथिनात काही फरक पडला नाही.

तात्पर्य, थायमिनची कमतरता असू नये हे नक्की. ते औषध ठरेल की नाही, हे ठरलेले नाही. कमतरता टाळण्याचा उपाय मात्र आमच्या आजीला ठाऊक होता. उखळात मुसळाने सडलेल्या तांदळाला थोडा कोंडा राहायचा. दक्षिण कोकणात आणि गोव्यात भात आधी उकडून मग सडतात. त्यात कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत उतरते आणि गिरणीतूनही बरेचसे टिकते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : तांदूळ हातसडीचा असो की गिरणीचा, त्याचा भात साखर वाढवतोच. जीवनसत्त्वाच्या नावाखाली भाताचा डोंगर वाढून घेऊ नये.

दहा टन काळीज आणि मांसाचा अर्क

लायपोइक आम्ल शुद्ध करण्याचा मान लेस्टर रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाचा. जनावरांच्या काळजाच्या सुमारे दहा टन चोथ्यातून त्याला अवघे ३० मिलिग्रॅम स्फटिक मिळाले. साल होते १९५१. यावरून अन्नात ते किती अल्प असते हे ध्यानी यावे. पायांची आग आणि मुंग्या यांवर रोज ६०० मिलिग्रॅमच्या गोळीने काही आठवड्यांत आराम पडल्याचे २००६ साली दिसले. पुढे चारशे साठ रुग्णांवर चार वर्षे चाललेल्या प्रयोगाचा निकाल २०११ साली आला. मुख्य कसोटीवर गोळी आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. काही लक्षणांत मात्र थोडी सुधारणा होती. म्हणजे आग शमवायला ती कदाचित उपयोगी, पण मेलेली नस ती जिवंत करत नाही.

कार्नोसिन सापडले १९०० साली, मांसाच्या अर्कात. मटण आणि कोंबडी यांत ते असते. काही माशांत त्याचे भावंड असते. काचेच्या नळीत ते मोठे परोपकारी दिसते. साखर प्रथिनाला चिकटायला आली की ते स्वतः पुढे होऊन तिला चिकटवून घेते. परंतु माणसाच्या रक्तात त्याला तोडणारे एक विकर आहे. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी, त्यांच्यातल्या मधुमेह्यांची मूत्रपिंडे कमी बिघडतात, असे २००५ साली युरोपातील संशोधकांनी दाखवले. दुवा मोलाचा आहे, पण तो दुवाच आहे. कार्नोसिनच्या डबीने कोणाचे मूत्रपिंड वाचल्याचा भक्कम पुरावा अजून हाती नाही.

डोंगरउतारावरचे काळे धान्य

आता आमच्या ताटाकडे येऊ. महाड-पोलादपुरात सपाटीला भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी, ही जुनी वाटणी. भात पाहुण्याला आणि नाचणी घरच्याला, असा मान होता. मुंबईची मनिऑर्डर येऊ लागली, रेशनचा तांदूळ मिळू लागला, तशी नाचणी मागे पडली. काळी भाकरी गरिबीची खूण ठरली.

त्या काळ्या भाकरीविषयी प्रयोगशाळा काय म्हणते ते ऐका. २००२ साली चेन्नईच्या संशोधकांनी कोलॅजेन, म्हणजे त्वचेला आणि रक्तवाहिन्यांना बळकटी देणारे प्रथिन, साखरेच्या द्रावणात ठेवले आणि त्यात नाचणीचा व कोद्र्याचा अर्क घातला. साखर चिकटणे आणि प्रथिने एकमेकांना जखडणे, दोन्ही कमी झाले. २००८ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांच्या भिंगांतून ते सॉर्बिटॉल बनवणारे विकर काढून त्यावर नाचणीची द्रव्ये वापरून पाहिली. त्या द्रव्यांनी विकराला लगाम घातला. ही द्रव्ये म्हणजे नाचणीला तिचा तांबूस काळा रंग देणारी पॉलिफेनॉल्स. ती मुख्यतः तिच्या सालीत असतात.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. आपल्याकडे आजाऱ्याला नाचणीचे सत्त्व देतात. सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून, गाळून घेतात आणि साल चोथ्याबरोबर टाकून देतात. म्हणजे जे राखायचे तेच गेले, आणि उरला पांढरा पिष्ट. त्याची साखर घालून केलेली पातळ लापशी मधुमेह्याची साखर झपाट्याने चढवते. त्यापेक्षा सालीसकट दळलेल्या पिठाची एक भाकरी, सोबत कुळथाचे पिठले किंवा कडव्या वालांची उसळ आणि एखादी पालेभाजी, हे जेवण कितीतरी शहाणपणाचे. मात्र नाचणीतही पिष्ट आहेच. एक भाकरी गुणाची म्हणून चार भाकरी चौपट गुणाच्या, असा हिशेब नाही. आणि वर सांगितलेले प्रयोग काचेच्या नळीतले आहेत, हेही विसरू नये.

हळद आणि आवळा या नळीच्या एक पायरी पुढे गेले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मधुमेही उंदरांच्या अन्नात हळद मिसळली. प्रमाण होते शंभर ग्रॅम अन्नात अर्धा ग्रॅम, म्हणजे आपल्या आमटी-भाजीच्या प्रमाणाशी नाते सांगणारे. २००५ साली निकाल प्रसिद्ध झाला : साखर तितकीच चढलेली राहिली, पण मोतीबिंदू उशिरा पिकला. २००७ साली आवळ्यातील द्रव्यांचाही असाच निकाल आला. पाऊस तोच, पण इरल्याखालचा माणूस कमी भिजला. उंदराच्या बाबतीत हे सिद्ध झाले. माणसाच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल की, फोडणीतली हळद आणि हंगामातला आवळा यांत तोटा नाही, झाला तर लाभच. आवळा कच्चा, मिठाबरोबर किंवा कोशिंबिरीत खावा. साखरेच्या पाकातला मोरावळा या कामाचा नाही. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

बिवळ्याच्या लाकडी पेल्यातले पाणी आणि सप्तरंगीच्या मुळीचा काढा आमच्या भागात पुष्कळजण घेतात. त्यांचा दावा डाग रोखण्याचा नसून साखर उतरवण्याचा आहे. गोळ्या चालू असताना असे काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण दोन्ही मिळून साखर फार खाली जाण्याचा धोका असतो.

पुण्याजवळच्या सहा गावांतून

एका जीवनसत्त्वाबाबत मात्र पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी चालवली. त्यांना दिसले की, आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, पण अंगात चरबी राखून असतात. वरून हडकुळा दिसणारा आपला माणूस आतून तसा नसतो. म्हणूनच डोंगर चढणाऱ्यालाही मधुमेह गाठतो. त्याच पाहणीत दोन-तृतीयांश मातांमध्ये 'ब-१२' जीवनसत्त्व कमी आढळले.

हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच ते मिळते. ते कमी पडले की मज्जातंतू बिघडतात, पायांना मुंग्या येतात, बधिरता येते. अगदी मधुमेहात येते तशीच. त्यात भर म्हणजे मधुमेहावरची सर्वांत प्रचलित गोळी मेटफॉर्मिन ही दीर्घकाळ घेतल्यास या जीवनसत्त्वाचे शोषण कमी करते. आमच्याकडे माळकरी घरे पुष्कळ. माळ घातलेला, दूधदुभते बेताचे असलेला आणि दहा वर्षे मेटफॉर्मिन घेणारा माणूस पाय बधिर झाले म्हणून आला, तर सारा दोष साखरेवर टाकू नये. रक्त तपासावे. कमतरता निघाली तर साध्या, स्वस्त उपचाराने ती भरून निघते.

म्हणून सगळीच जीवनसत्त्वे भरमसाट खावीत काय? याचे उत्तर कॅनडातून मिळाले. मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ मधुमेह्यांवर तिथे फॉलिक आम्ल, ब-६ आणि ब-१२ यांच्या मोठ्या मात्रा वापरून पाहिल्या. २०१० साली निकाल आला : गोळ्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडे खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने खालावली, आणि हृदयविकार व पक्षाघात त्यांच्यात जास्त झाले. कमतरता भरून काढणे हा उपचार. भरलेल्या घड्यात ओतत राहणे हा उपचार नव्हे.

विंचवाने शिकवलेला धडा

औषध खरे की खोटे हे कसे ठरवावे, याचा धडा महाडकरांनी इतरांकडून घेण्याचे कारण नाही. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तो आमच्याच दारी घालून दिला आहे. लाल विंचू चावला की त्या काळी मंत्र, मुळ्या, नाना उपाय होत, आणि तरीही माणसे मरत. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, हृदय कसे बंद पडते ते पाहिले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मृत्यूचे प्रमाण शंभरांत सुमारे चाळीसवरून एकाच्या घरात आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. स्वतःच्याच औषधाला प्रतिविषाची जोड दिली तर अधिक लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांचे दोन गट केले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना दोन्ही. दहा तासांत पहिल्या गटातले ८ बरे झाले, दुसऱ्यातले ३२. हा निकाल २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आपले औषध गुणकारी आहे हे ठाऊक असूनही त्यांनी मोजून पाहिले. डबीवरच्या नावांना मी हीच फूटपट्टी लावली. त्यांतले एकही नाव माणसांवरच्या अशा मोजणीतून गोळीची जागा घेण्याइतके पुढे आलेले नाही.

साखर उतरवण्याची मोजणी मात्र झालेली आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साखर नीट काबूत ठेवल्याने, ज्यांचे डोळे चांगले होते त्यांच्यात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ब्रिटनच्या प्रदीर्घ पाहणीत एचबीए१सी १ टक्क्याने खाली असले की डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळले.

हे सारे मी तात्यांना त्यांच्या भाषेत सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे डबी खोटी नाय, पण गोळीची जागा तिला देऊ नये. असंच ना?" मी म्हटले, "असंच." गोळ्या चालू राहिल्या. डबीचे पैसे वाचले त्यांतून काकूने त्यांना मऊ तळाची, पुढून बंद चप्पल घ्यायला लावली. माझ्या मते त्या घरात झालेली ही सर्वांत किफायतशीर खरेदी.

मग करावे काय?

ज्या घरात मधुमेही माणूस आहे त्या घरासाठी थोडक्यात सांगतो. गोळ्या किंवा इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, मग कोणीही कोणतीही डबी आणून देवो. तीन-सहा महिन्यांनी एचबीए१सी, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतले प्रथिन आणि पाय तपासून घ्यावेत. मेटफॉर्मिन चालू असेल तर ब-१२ विषयी विचारावे. ताटात भात बेताचा, सालीसकट नाचणी, कडधान्य, पालेभाजी आणि चालत असेल तर मासा ठेवावा. आमच्यासारख्या पुराच्या मुलुखात पावसाळ्यापूर्वी आठवड्याभराची औषधे उंच जागी, प्लास्टिकच्या डब्यात ठेवावीत; २०२१ साली घराघरांतली भांडीकुंडी सावित्रीने नेली, तिथे गोळ्यांच्या पिशव्यांची काय कथा!

आता दिवाळी आली आहे. फराळातली एखादी करंजी खाल्ल्याने कोणाचा डोळा जात नाही; वर्षानुवर्षे तपासणी टाळल्याने जातो. पुढे कार्तिकात आवळीभोजन येईल, तुळशीच्या लग्नात आवळा येईल, तेव्हा तो केवळ पूजेत न ठेवता पानातही वाढा.

आणि एक काम नरकचतुर्दशीच्या पहाटेच करता येईल. अभ्यंगस्नानापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायाला तेल लावताना दिवा जवळ घ्या आणि तळवे नीट पाहा. भेग आहे का, फोड आहे का, बोटांच्या बेचक्यांत चिघळले आहे का. बेचक्यांत तेल लावू नका. मग त्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या यांच्या टोकांना आपल्या बोटाने अगदी हलके, क्षणभर शिवा. सहा जागांपैकी दोन किंवा अधिक जागी "कळलं नाही" असे उत्तर आले, तर दिवाळी संपताच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. या तपासणीला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि ती करायला दोन मिनिटेही पुरतात.